बारा तारखेचा आकडा

१

इसाबुरोला बर्फाखालून उकरून काढला तेव्हा त्याच्या हातात काठी होती आणि गावाच्या तोंडी शिव्या. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण कुरोमाता गावात त्या आठवड्यात कुणाला असलं काही आठवत नव्हतं. पंधरा जानेवारीच्या पहाटे पांढरदाढी डोंगराच्या उतारावरचा अर्धा बर्फ सुटला आणि पायथ्याच्या लाकूडतोड्यांच्या बराकीवरून गेला. पाच धडधाकट गडी झोपेत गेले. सहावा इसाबुरो. आणि इसाबुरोचं कामच मुळी त्या उतारावर लक्ष ठेवण्याचं होतं!

उतारावर एक खांब रोवलेला होता. पंचवीस फुटी, फुटाफुटाला काळा आणि लाल पट्टा. रोज सकाळी वर चढायचं, बर्फ कितव्या पट्ट्याला टेकलाय ते बघायचं आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहायचा. सोळा फुटांच्या आत असेल तर आकड्यापुढे गोल. सोळा ओलांडले की फुली. एरवी ती वही दुसरं कुणी उघडत नसे. फुली पडली की लाकूडतोड्यांच्या मुकादमानं घंटा वाजवायची, खालच्या माणसांनी गाठोडी बांधायची आणि मुकाट वर गावात यायचं. लढाईवरून परत आल्यापासून चौदा हिवाळे इसाबुरोनं हे काम केलं, आणि गाव त्याला त्याबद्दल वर्षाला दोन पोती तांदूळ देत आलं.

एकोणीस तारखेला सकाळी गावच्या देवळात सगळे जमले होते. बाहेर वादळ थांबायचं नाव घेत नव्हतं. पांढरदाढीचा उरलेला अर्धा भाग खालच्या आळीच्या बरोबर डोक्यावर होता. त्या आळीतली एकतीस माणसं पाच दिवस देवळातच राहत होती, आणि पोरांच्या खोकल्यानं देवळाचे भिक्षूही जेरीला आले होते.

लाकूड कंपनीचा कारकून सुदो मध्ये उभा राहून वही वाचत होता. तो शहरातला माणूस, घरातसुद्धा गळपट्टा सोडत नसे.

"नऊ तारीख, दहा फूट, गोल. दहा तारीख, अकरा, गोल. अकरा तारीख, अकरा, गोल. तेरा, बारा फूट, गोल. चौदा, बारा फूट, गोल! दुसऱ्या दिवशी पहाटे उतार कोसळला आणि यांचा गोल. आणि मधे बारा तारखेला तर पठ्ठ्यानं दांडीच मारली. रकाना कोरा!"

"बारा तारखेला कोण जाईल डोंगरात?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"का? बारा तारखेला काय आहे?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. पाणी ओलं का असतं असं कुणी विचारावं, तसे.

"जानेवारीच्या बाराला डोंगरदेवी आपली झाडं मोजते," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी जो रानात सापडेल तो झाडात धरला जातो. मग तो तिथलाच."

गावच्या चौकीचा पोलीस होसाका भिंतीला टेकून ऐकत होता. तो समुद्रकाठचा, पन्नाशीचा, गुडघ्यानं अधू आणि तोंडानं फटकळ. आठ वर्षांपूर्वी बदलून आला तेव्हा तोही या बारा तारखेला हसला होता. पण एकदाच. त्यानंतर बाराला तोही चौकीतच बसून राही.

"ते राहू द्या," सुदो म्हणाला. "मुद्दा हा की वर होतं जेमतेम बारा फूट. त्यातलं निम्मं आलं. उरलेलं काय पडतंय? एवढ्याशा बर्फासाठी माणसं किती दिवस कोंडून ठेवायची? उद्या दुपारी खालची आळी घरी जाऊ दे. होसाकासाहेब, तुमची सही लागेल."

"थांबा चार दिवस," कोपऱ्यातून आवाज आला.

तो मुकादम कानेमात्सु होता. लाकूडतोड्यांच्या टोळीचा म्होरक्या. बराकीतल्या पाचांत त्याचा एकुलता एक मुलगा शिगेजी होता, आणि गेल्या दोन दिवसांत मुकादमानं उच्चारलेले हे पहिले शब्द असावेत.

"का थांबायचं?" सुदोनं विचारलं.

"मी सांगतो म्हणून."

"अहो, इसाबुरोनं गोल दिला म्हणून घात झाला, हे तुम्हीच सांगत होता ना?"

मुकादमानं शेकोटीत एक लाकूड सारलं. तेवढ्यात दार सरकलं आणि बर्फाचा झोत आत आला. दारात इसाबुरोची मुलगी तोमे उभी होती. खांद्याला एक गाठोडं. कुणी तिला बसायला जागा केली नाही. एका बाईनं तर आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

"साहेब," तोमे फक्त होसाकाकडे बघून म्हणाली, "त्या वहीतलं जानेवारीचं पान माझ्या बाबांचं नाही."

२

"आकडे आहेत गं नुसते," चौकीत आल्यावर होसाका वही डोळ्यांजवळ धरून म्हणाला. "आकड्यांना कसलं आलंय वळण? दोन म्हणजे दोन आणि गोल म्हणजे गोल."

"बाबांचा गोल मिटत नसे. शेवटी फट राहायची. हे बघा, हे सगळे गोल कसे घट्ट मिटलेत."

"थंडीनं बोटं आखडली असतील."

होसाकाची बायको हात्सु हिनं तोमेपुढे चहा आणि धुरावलेल्या मुळ्याच्या चकत्या ठेवल्या. "खा आधी. आणि काय गं, तुझ्या छपरावरचा बर्फ कुणी काढला का?"

"नाही."

"पाच दिवसांत एकही माणूस आला नाही?"

"कोण येणार, काकू? मी वर चढते, पण एकटीला कितीसं जमणार. काल आढं करकरलं."

हात्सु नवऱ्याकडे बघत राहिली. कुरोमातात छप्पर मोकळं करायला शेजारी येतात ते न बोलावता. ते आले नाहीत तर समजायचं की गावानं आपल्याला टाकलं. घर बर्फानं मोडतं आणि माणूस त्याच्याखाली.

होसाकानं वहीचा दोरा पाहिला. पानं दोऱ्यानं ओवलेली होती, आणि दोऱ्याची गाठ नवी होती. शेवटची कोरी पानं त्यानं मोजली. सात होती.

"बाबा दर हिवाळ्याला आठ कोरी पानं लावायचे," तोमे म्हणाली. "पावसात भिजलं एखादं तर असावं म्हणून."

"हं." होसाकाचा आवाज बदलला. "ही वही बाबांकडून कुठे गेली?"

"घंटेशेजारच्या खोपटात टांगलेली असायची. पंधराला सकाळी सुदोसाहेब घेऊन गेले. मग ती देवळात होती, शवपेट्यांच्या शेजारी, ओशोंच्या पेटीत."

ओशो म्हणजे देवळाचे भिक्षू शुनकाई. आणि शवपेट्यांजवळ दोन दिवस हललाच नाही असा एकच माणूस होता, मुकादम. होसाकानं तीन नावं मनात लिहिली. मग त्यानं तिचं गाठोडं सोडलं. जुन्या हिवाळ्यांच्या आठ वह्या. त्यानं गेल्या सालची उघडली आणि जानेवारीच्या पानावर बोट फिरवू लागला. मधूनच त्याचं बोट थबकलं.

"इथे आकडाच नाही. आडवी रेघ आहे. इथेही. सलग तीन दिवस रेघा?"

तोमेनं चहाचा पेला हातात घेतला.

होसाकानं उठून चौकीची रोजनिशी काढली. तो रोज हवामान लिहीत असे, कारण दुसरं लिहिण्यासारखं गावात काही घडत नसे. गेल्या सालचे ते तीन दिवस त्यानं शोधले. तिन्ही दिवसांपुढे एकच शब्द होता, वादळ. त्यानं पुन्हा तोमेची वही घेतली आणि या खेपेला आणखी एका ओळीवर नजर रोखली.

"तोमे," तो हळूच म्हणाला, "गेल्या जानेवारीची बारा तारीख. आकडा चौदा, पुढे गोल. त्याच्या आदल्या साली बाराला अकरा फूट. तुझे बाबा बारा तारखेला डोंगरात जात होते?"

तोमेच्या हातातला चहा चटईवर सांडला.

३

"नाही हो, साहेब! शपथ घालून गेलेत मला, पण आता काय राहिलंय." ती रडू लागली. "बाबा बाराला डोंगरात जात नसत. बाबा कुठल्याच तारखेला डोंगरात जात नसत. दहा वर्षं झाली."

होसाकानं तोंडातला मुळा चावायचा थांबवला.

"लढाईत मांचुरियाच्या थंडीत त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. पहिली चार वर्षं कसेबसे चढले. मग जमेना. गाव तांदूळ देतंय, आणि हे काम गेलं तर आम्ही खायचं काय? आमच्या कोठीची एक लहान खिडकी बरोबर पांढरदाढीकडे उघडते. बाबांकडे नौदलातल्या मित्रानं दिलेली दुर्बीण होती. खिडकीतून पट्टे मोजता येतात. रोज सकाळी गवताचे बूट घालून मागच्या दारानं निघायचे, लाकडांच्या खोपीत अर्धा तास बसायचे आणि बूट झटकत पुढच्या दारानं यायचे."

"आणि वादळात?"

"वादळात खिडकीतून काय दिसणार? मग रेघ."

होसाकाला ती काठी आठवली. चौदा वर्षं रोज उतार चढणाऱ्याला सपाटीवरच्या बराकीत जायला काठी कशाला लागली, हा प्रश्न त्याच्या मनात बर्फ उकरतानाच आला होता, आणि प्रेतं मोजण्याच्या गडबडीत राहून गेला होता.

"चौदाला बाबा बराकीत का गेले?"

"पोरांना वर आणायला. आकडा मला सांगितला नाही, पण दोन दिवस जेवले नव्हते. निघताना म्हणाले, माझं ऐकणार नाहीत, पण मी पाया पडेन त्यांच्या." तिनं बाहीनं नाक पुसलं. "आणि गाव म्हणतं, दारू प्यायला गेला होता."

होसाका तिच्या घरी गेला. कोठीची खिडकी हातभर होती, चौकट कोपरांनी घासून गुळगुळीत झालेली. दुर्बीण तिथंच खिळ्याला टांगलेली होती. बाहेर नुसतं पांढरं. परत येताना त्यानं डोक्यावर बघितलं. छपरावर माणूसभर बर्फ होता.

घरी येताच त्यानं बायकोला विचारलं, "या बारा तारखेला हवा कशी होती?"

"तुमची रोजनिशी काय म्हणते?"

"माझी रोजनिशी म्हणते दुपारी उघडीप. मी विचारतोय खरी होती का."

"होती की. दोन तास चक्क ऊन पडलं होतं. मी गाद्या बाहेर टाकल्या होत्या. तुम्ही त्यांच्यावरच घोरत पडला होता, आठवतंय?"

होसाकानं जानेवारीचं पान पुढ्यात घेतलं. दहापासून चौदापर्यंत वादळ, मधे फक्त बाराची उघडीप. म्हणजे इसाबुरोच्या खऱ्या पानावर दहा, अकरा, तेरा, चौदा या तारखांना रेघा हव्यात आणि एका बाराला आकडा हवा. आणि या पानावर नेमकं उलटं होतं. जिथे रेघ हवी तिथे आकडे, जिथे आकडा हवा तिथे कोरं! हे पान लिहिणाऱ्याला वाटत होतं की इसाबुरो वादळातसुद्धा रोज वर चढतो. आणि बाराला मात्र मरण आलं तरी चढणार नाही.

म्हणजे वर किती बर्फ होता हे आता कुणालाच माहीत नव्हतं. पान बदलणारा एक सोडून.

"जेवायला काय वाढू?" हात्सुनं विचारलं.

"उद्या दुपारी मला एकतीस माणसांच्या घरवापसीवर सही करायचीय," होसाका म्हणाला, "आणि मला भूक नाही." आठ वर्षांत हे वाक्य हात्सुनं पहिल्यांदा ऐकलं.

४

सुदोला त्यानं कंपनीच्या कचेरीत गाठलं. कारकुनाला फायदा उघड होता. फुली पडलेली असताना माणसं बराकीत ठेवली असं निघालं असतं तर कंपनीचे आणि त्याचेही बारा वाजले असते.

"मी पान बदललं?" सुदो गळपट्ट्यातून किंचाळला. "अहो, पंधराला वही मी न उघडताच ओशोंच्या पेटीत टाकली, आणि बदलायचं असतं तर कोरा रकाना ठेवला असता का? माझी सगळी नोकरी रकाने भरण्यात गेलीय. एक रकाना कोरा राहिला की वरची कचेरी कागद परत पाठवते. हा बघा अहवाल, बारा तारखेपुढे काय लिहू ते सुचेना म्हणून अडकून पडलाय."

अहवाल खरंच अडकलेला होता. बाराच्या रकान्यात त्यानं पेन्सिलीनं 'गैरहजर?' असं लिहून खोडलं होतं, आणि पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. होसाकाला मनातल्या मनात त्याची कीव आली.

ओशो शुनकाई देवळाच्या मागे मोरीतला बर्फ फोडत होते.

"पेटीला कुलूप नव्हतं," ते म्हणाले. "मेलेल्यांजवळ कुलूप कशाला? आणि इसाबुरोबद्दल विचारत असाल तर मी त्याला शेवटचा बारा तारखेला पाहिला. संध्याकाळी. मी पलीकडच्या वाडीतून पिंडाचा भात घेऊन येत होतो."

"रानातून? बाराला?"

"माझा बुद्ध बाराला सुट्टी घेत नाही. गाव मला म्हणतं, तुम्ही कधीतरी देवदार व्हाल. होईन म्हटलं, निदान सरळ तरी उभा राहीन." ते हसले, पण लगेच थांबले. "इसाबुरो लगबगीनं लंगडत चालला होता. वही काखेत. कुठे रे, म्हटलं, तर म्हणाला, मुकादमांकडे. चेहरा असा पांढरा."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं का? सगळे त्याला शिव्या देण्यात गुंतले होते."

होसाका तिथेच बर्फात उभा राहिला. पंधरा तारखेला प्रेतं काढताना त्यानं स्वतः मुकादमाला विचारलं होतं, इसाबुरो तुला काही बोलला होता का? आणि मुकादमानं सरळ सांगितलं होतं, नव्या वर्षापासून त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी होसाका मुकादमाच्या घरी गेला. दारापर्यंत बर्फातून बोगदा खणलेला होता. कानेमात्सु चुलीपाशी बसून बर्फावर चालायच्या लाकडी कड्यांचा बंद शिवत होता.

"शिगेजीची?"

"हं. एक बंद तुटला होता. म्हणाला होता, आलो की शिवून द्या." त्यानं दाभण थांबवलं नाही.

"खालची आळी आज दुपारी घरी जाणार. सही करू का, मुकादम?"

"करू नका."

"का? वहीत तर बाराच फूट आहे."

दाभण थांबलं.

"वही खरी असं ओरडणाऱ्यांत तुम्ही पहिले," होसाका म्हणाला, "आणि त्या वहीवर भरवसा नसलेला गावात माणूस एकच, तेही तुम्हीच. असं का होतं? मी रात्रभर विचार केला. ज्यानं स्वयंपाकात खडे टाकलेत तोच ते जेवायला नको म्हणतो. इसाबुरो बाराला संध्याकाळी वही घेऊन तुमच्याकडे आला होता. ओशोंनी पाहिलंय. एकतीस माणसं आहेत, मुकादम. नऊ लहान मुलं. मला आकडा सांगा."

कानेमात्सुनं दाभण बंदातून ओढून बाजूला ठेवलं.

"एकोणीस," कानेमात्सु म्हणाला. "एकोणीस फूट. फुली."

तो उठला. भिंतीवरच्या डोंगरदेवीच्या फळीवर नैवेद्याला ठेवलेल्या माशाच्या वाळक्या तुकड्याखालून त्यानं घडी केलेलं पान काढलं आणि होसाकाच्या हातात दिलं. नऊला तेरा, गोल. दहा, रेघ. अकरा, रेघ. बारा, एकोणीस, फुली. तेरा, चौदा, रेघा. नऊपुढच्या गोलाला शेवटी बारीकशी फट होती.

"जाळायला हात धजला नाही," तो म्हणाला.

"काय झालं त्या संध्याकाळी?"

"आला. म्हणाला, मुकादम, एकोणीस झालेत, पोरांना आताच्या आता वर घ्या. मी विचारलं, कधी बघितलंस? म्हणाला, आज दुपारी. आज! बाराला! मी म्हटलं, इसाबुरो, तू आज डोंगरात गेलास? तर गप्प. हो नाही आणि ना नाही. नुसती मान खाली. साहेब, तुम्ही सांगा, मी काय समजायचं? एक तर हा खोटं बोलतोय, नाहीतर देवीच्या दिवशी तिच्या अंगणात पाय घालून आलाय. मी म्हटलं, चालता हो. असला आकडा मी कानावर घेणार नाही."

"आणि बराकीतली पोरं?"

"मुकादमाच्या शब्दाशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे मीच शिकवलं होतं त्यांना. इसाबुरोचं कशी ऐकतील?" तो पुन्हा चुलीपाशी बसला. "माझा शिगेजी सगळ्यांत आज्ञाधारक."

"पान का बदललंत?"

"मला वाटलं, यानं देवीला डिवचलं आणि तिनं माझा मुलगा नेला. गावाला कळलं तर पोरीला, त्या तोमेला, दगड मारतील. म्हणून लपवतोय असं मी मला सांगत होतो. त्याच्या रेघा मला कळल्या नाहीत, म्हणून बाकी सगळ्या दिवसांचे आकडे बसवले आणि बाराला हात अडखळला. त्या दिवशी खोटासुद्धा आकडा लिहायची हिंमत होईना." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पण खरं सांगू? मला आधी सांगितलं होतं हे कुणाला कळू नये, एवढंच होतं, साहेब. बाकी सगळं त्याच्यावरचं पांघरूण."

होसाकाला हे बोलायचं नव्हतं. पण न बोलण्यानंच या गावात सहा माणसं गेली होती.

"मुकादम, इसाबुरो डोंगरात गेला नव्हता."

"मग आकडा कुठून आणला?"

"घरातून. कोठीच्या खिडकीतून, दुर्बिणीनं. त्याच्या पायाला बोटं नव्हती. दहा वर्षं तो तसाच आकडे घेत होता. गावाचा तांदूळ फुकट खातो म्हणाल, म्हणून लाजेनं गप्प बसला."

कानेमात्सुनं तोंडावरचे हात काढले.

"खिडकीतून?"

"हो."

"म्हणजे देवी... देवीचा काही संबंधच नाही?"

"नाही."

"आणि आकडा बरोबर होता."

"बरोबर होता."

"मग बोलायचं ना रे, गाढवा!" म्हातारा चुलीकडे बघून ओरडला, जणू इसाबुरो समोर बसला होता. "मी शिव्या घातल्या असत्या. वर्षभर हसलो असतो तुला. पण पोरांना आणलं असतं ना रे वर!"

त्यानं शिगेजीची कडी उराशी धरली आणि मोठ्यानं रडू लागला. होसाका त्याच्या शेजारी बसून राहिला. त्याचेही डोळे भरून आले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत.

६

देवळात कानेमात्सुनं सगळं स्वतःच सांगितलं. बसून नाही, गुडघ्यांवर, कपाळ फरशीला लावून. होसाकाला एक शब्दही बोलावा लागला नाही. मेलेल्यांपैकी एकाची बायको उठली, म्हाताऱ्याच्या पाठीवर मुठी मारत राहिली आणि दमून तिथेच बसली. कुणी तिला आवरलं नाही, त्यानंही अंग चोरलं नाही. सुदोनं सहीचा कागद घडी करून खिशात घातला आणि पहिल्यांदाच गळपट्टा सोडला.

खालच्या आळीतलं कुणी घरी गेलं नाही.

एकवीस तारखेला सकाळी, पोरं भाताची पेज पीत असताना, देवळाची जमीन हलली. आधी वारा आला, मग आवाज. पांढरदाढीचा उरलेला भाग खाली आला होता. बर्फाची धूळ बसल्यावर लोकांनी पाहिलं, तर खालच्या आळीतल्या पाच घरांपैकी एकाचंच छप्पर दिसत होतं, तेही जागा सोडून. एकतीसच्या एकतीस माणसं दारात उभी होती. कुणी आनंदानं ओरडलं नाही. एक बाई नुसती आपल्या पोरांची डोकी पुन्हा पुन्हा मोजत होती.

तोमेची माफी कुणी शब्दांनी मागितली नाही. तशी रीत नाही तिथे. पण दुपारी तिच्या दाराशी कुणीतरी मुळ्याची जुडी ठेवून गेलं, मग कुणी तांदळाचं गाठोडं, मग कुणी नवे गवताचे बूट. ती ते आत घेत होती तेव्हा डोक्यावर धप्प असा आवाज झाला. ती बाहेर आली. छपरावर कानेमात्सु होता, एकटाच, हातात लाकडी फावडं. त्यानं खाली पाहिलं नाही. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग आत गेली. त्याला खाली उतर म्हणाली नाही, चहाला ये असंही नाही. संध्याकाळपर्यंत छप्पर मोकळं झालं.

त्याचं मुकादमपद गेलं. वरिष्ठांनी आणखी काय केलं ते या गोष्टीत नको. उतारावर नवा खांब लागला आणि वही तोमेकडे आली. आता डोंगर चढायची बतावणी नव्हती. गावानंच कोठीची खिडकी मोठी करून दिली.

पुढच्या जानेवारीत पुन्हा पाच दिवस वादळ होतं. सहाव्या दिवशी दुपारी उघडलं. गावात सगळी दारं बंद, रानाकडे कुणी फिरकलं नव्हतं. तोमेनं दुर्बीण लावली, पट्टे मोजले, पुन्हा मोजले. खाली बर्फात पावलं वाजली. कानेमात्सु खिडकीखाली उभा होता, हिवाळाभर रोज यायचा तसाच.

"आज बारा तारीख आहे, मुकादम," तोमे म्हणाली. ते पद गेलं तरी ती त्याला तेच म्हणे.

"माहीत आहे मला. आकडा सांग."

"सतरा. फुली."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, डोंगराकडे वळून एकदा मान लववली आणि घंटा वाजवायला निघाला.